मुलगा बारावीनंतर टेनिस टूरवर (व्यावसायिक स्पर्धा खेळत फिरायला) जायचं म्हणतोय. ते आयुष्य जगलेल्या कुणी सांगाल का?

इंदिरानगरची_आई:

नमस्कार मंडळी. पोस्ट लांबणार आहे, पण अर्धवट सांगून उपयोग नाही.

माझा मुलगा अठरा वर्षांचा झाला. यंदा बारावी कॉमर्स झाला, ७१ टक्के. आठव्या वर्षापासून टेनिस खेळतोय. पहाटे साडेपाचला मी त्याला स्कूटीवरून गंगापूर रोडच्या कोर्टवर सोडायचे आणि तिथूनच पुढे माझ्या शाळेत जायचे. मी प्राथमिक शिक्षिका आहे, मिस्टर अंबडला एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. १८ वर्षांखालच्या राष्ट्रीय क्रमवारीत तो एकदा शंभराच्या आत आला होता. दोन महिन्यांपूर्वी पहिल्यांदाच पुरुषांची एम-१५ स्पर्धा (व्यावसायिक टेनिसची सगळ्यात खालची पायरी) खेळायला परराज्यात गेला. क्वालिफाइंगच्या, म्हणजे मुख्य स्पर्धेआधीच्या पात्रता सामन्यांच्या, पहिल्याच फेरीत हरला, ४-६, २-६. घरी आला, बॅग खाली ठेवली आणि म्हणाला, "आई, मला हेच करायचंय. दोन वर्षं द्या."

कोच म्हणतात, दोन वर्षांत जागतिक क्रमवारीत पाचशेच्या आत येईल. सासरे म्हणतात, सीए कर. मिस्टर काहीच बोलत नाहीत. पाथर्डी फाट्याला आमचा एक प्लॉट आहे, तो विकावा का, इथवर माझ्या मनात येऊन गेलंय. गेल्या तीन वर्षांचा खर्च मी वहीत मांडलाय, नऊ लाखांच्या वर गेलाय.

पाठवा किंवा पाठवू नका असं उत्तर मला नकोय. तिथे ही मुलं आठवडाभर काय करतात, कुठे राहतात, काय खातात, हरल्यावर त्यांचं काय होतं, हे मला कळत नाहीये. टीव्हीवर दिसतात ते खेळाडू वेगळे. आणि पाठवायचंच ठरलं तर आधी मुलाशी काय बोलून घ्यावं?

सातपूरवाला:

ताई, मी स्वतः टेनिस खेळलेलो नाही, फक्त बघतो. पण एक शंका आहे. २०२५ च्या ऑस्ट्रेलियन ओपनला पहिल्या फेरीत हरणाऱ्यालासुद्धा १,३२,००० ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. विम्बल्डनला ६६,००० पौंड. एका हरलेल्या मॅचचे पाऊण कोटीच्या आसपास! मग टेनिसमध्ये पैसा नाही असं लोक का म्हणतात? पोरात गुण असेल तर दोन वर्षं द्यायला काय हरकत आहे? आपल्या नाशिकमधून विदित गुजराथीसारखा ग्रँडमास्टर झाला, दत्तू भोकनळ तळेगावहून ऑलिम्पिकला गेला. कुणीतरी हिंमत केलीच ना?

बेसलाइनच्या_मागे:

ताई, मी २०१५ ते २०२३ टूर खेळलो. हजाराच्या आत कधी आलो नाही. आता नाशिकमध्येच सकाळी मुलांना शिकवतो आणि संध्याकाळी रॅकेटचं गटिंग करतो, म्हणजे तारा बसवून देतो. तुमच्या पोस्टमधल्या "मिस्टर काहीच बोलत नाहीत" या वाक्याशी मी बराच वेळ अडकलो होतो. त्याच्याकडे येतोच.

सातपूरवाले दादा, तुम्ही दिलेले आकडे बरोबर आहेत. पण त्या दारापर्यंत पोचायचं कसं, ते बघा. ग्रँड स्लॅमच्या, म्हणजे या सगळ्यात मोठ्या चार स्पर्धांच्या, मेन ड्रॉमध्ये (मुख्य स्पर्धेत) १२८ पुरुष असतात. क्वालिफाइंगला आणखी १२८, आणि तिथे थेट नाव लागायला क्रमांक साधारण २३०-२४० च्या आत लागतो. तिथवर पोचलात तर २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियात क्वालिफाइंगची पहिली फेरी हरूनही ३५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर होते. पुरुषांच्या टूरची संघटना एटीपीनं २०२४ पासून किमान कमाईची हमीही आणलीय. २०२४ मध्ये पहिल्या शंभरांना वर्षाला ३ लाख अमेरिकन डॉलर, १०१ ते १७५ ला दीड लाख, १७६ ते २५० ला ७५ हजार अशी ती होती. २५१ व्या क्रमांकाला त्यातलं काही नाही. ताईंचा मुलगा क्रमवारीत यायचाच आहे अजून.

तो जिथे खेळून आला त्या एम-१५ चं गणित असं. सगळ्या स्पर्धेचं मिळून बक्षीस १५,००० अमेरिकन डॉलर. विजेत्याला २,१६०, उपविजेत्याला १,२७२. मेन ड्रॉच्या पहिल्या फेरीत हरला तर १५६ डॉलर, दुसऱ्या फेरीत हरला तर २५८. यातूनच कर कापला जातो. क्वालिफाइंगमध्ये हरणाऱ्याला शून्य, उलट प्रवेश फी त्याच्याच खिशातून. मेन ड्रॉमध्ये एक मॅच जिंकली की एटीपीच्या जागतिक क्रमवारीचा १ पॉइंट, अख्खी स्पर्धा जिंकली तर १५. तो पॉइंट ५२ आठवडे टिकतो आणि मग निघून जातो. म्हणजे गेल्या वर्षी याच आठवड्यात जिंकलेलं यंदा पुन्हा जिंकावं लागतं, नाहीतर क्रमांक घसरतो.

सुमित नागलचं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. २०२३ मध्ये भारताचा एक नंबरचा खेळाडू असताना त्यानं जाहीर सांगितलं होतं की बँकेत ९०० युरो उरलेत. जानेवारी २०२४ मध्ये १३७ व्या क्रमांकावर असताना तो क्वालिफाइंग खेळून ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये शिरला आणि ३१ व्या मानांकित बुब्लिकला हरवलं. दुसऱ्या फेरीचे १,८०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले, फेब्रुवारीत चेन्नईची चॅलेंजर (एम-१५ च्या वरच्या पातळीची स्पर्धा) जिंकून तो पहिल्या शंभरात आला. मला त्या आनंदापेक्षा आधीचे ९०० युरो जास्त आठवतात. तो देशात पहिला होता हो. बाकीच्यांचं काय असेल?

आता आठवडा. स्पर्धेच्या सोमवारच्या १८ दिवस आधी, गुरुवारी आपल्या वेळेनुसार संध्याकाळी साडेसातला नाव देण्याची मुदत संपते. मग यादी लागते. तुमचं नाव अल्टरनेटमध्ये, म्हणजे प्रतीक्षा यादीत, चाळिसावं वगैरे असतं. वरचे लोक नाव काढून घेतील तसं ते वर सरकतं, आणि तुम्ही रोज रात्री फोनवर तेवढंच बघता. तिकीट आत्ता काढावं तर नाव लागेल की नाही माहीत नाही. लागल्यावर काढावं तर दुप्पट किंमत. व्हिसा लागत असेल तर नाशिक रोडहून पंचवटी एक्सप्रेस पकडून मुंबईला एक खेप ठरलेली, कधी दोन.

भारतात वर्षाला मोजक्याच स्पर्धा होतात, म्हणून बाहेर जावं लागतं. ट्युनिशियातलं मोनास्तिर, तुर्कस्तानातलं अंताल्या, इजिप्तमधलं शर्म अल शेख. तिथे जवळजवळ वर्षभर, आठवड्यामागून आठवडा स्पर्धा चालतात, म्हणून एका तिकिटात तीन-चार खेळून होतात. मी २०२२ च्या नोव्हेंबरात तीन आठवडे मोनास्तिरला होतो. एका खोलीत तिघं. मी, एक हरयाणाचा, एक चेन्नईचा. राहणं-खाणं दिवसाला माणशी साडेतीन-चार हजार रुपये. कपडे बेसिनमध्ये धुवायचे, बाल्कनीत वाळत टाकायचे, आणि समुद्राच्या वाऱ्यानं ते सकाळपर्यंत दमटच राहायचे. आईनं मेतकुटाचा डबा दिला होता. रोज रात्री हॉटेलच्या भातावर मेतकूट आणि थोडं लोणी. चेन्नईवाल्याला ते इतकं आवडलं की दुसऱ्या आठवड्यात डबा संपला.

मॅच हा दिवसातला सगळ्यात छोटा भाग असतो. बाकी सगळा वेळ कोर्ट मिळवण्यात आणि हिटिंगला जोडीदार शोधण्यात जातो. सगळ्यांनाच आपल्यापेक्षा वरच्या क्रमांकाचा जोडीदार हवा असतो, म्हणून खालच्यानं विचारलं की "मग सांगतो" असं उत्तर येतं. कोच सोबत नसतो, फिजिओच्या टेबलापाशी रांग. संध्याकाळी सहानंतर करायला काही नसतं. पुस्तक नेलं तर पाच दिवसांत संपतं.

गटिंगबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. आम्ही सगळे पॉलिएस्टरची तार वापरतो. ती तुटते त्याच्या खूप आधी मरते. नवी तार असताना चेंडू तारांत जरा रुतून सुटतो, टप्पा घेऊन उसळतो. सात-आठ तास खेळलात की तोच फटका फूटभर लांब जायला लागतो. उभ्या तारेवर आडव्या तारेनं खाचा पाडलेल्या असतात, नख फिरवलं की लागतात. चांगल्या खेळाडूला दर मॅचला दोन ताज्या रॅकेट लागतात. दोनशे मीटरच्या रीळमधून सोळा-सतरा रॅकेट होतात, आणि परदेशात स्पर्धेच्या ठिकाणी नुसती मजुरीच नाशिकच्या कितीतरी पट. मग आमच्यासारखे काय करतात? आणखी एक दिवस तीच तार. आणखी एक दिवस. निकालात लिहिलं जातं ६-७, पण त्या दिवशी तार किती दिवसांची होती ते कुठे लिहिलेलं नसतं.

मोनास्तिरच्या त्या ट्रिपच्या पहिल्या आठवड्यात मी एक फेरी जिंकलो. दुसऱ्या आठवड्यात पहिल्या फेरीत हरलो. तिसऱ्या आठवड्यात क्वालिफाइंगच्या शेवटच्या फेरीत होतो. क्वालिफाइंगमध्ये तिसरा सेट पूर्ण खेळत नाहीत, दहा पॉइंटांचा टायब्रेक असतो. पहिला सेट मी ६-४ जिंकला, दुसरा ३-६ हरलो. टायब्रेकमध्ये ८-८. त्याची सेकंड सर्व्ह, पहिलीपेक्षा हळू असते ती, माझ्या फोरहँडला आली. आठ वर्षं मी ज्या फटक्यावर जगलो तोच फटका. मी तो मारला नाही. नुसता मधोमध परत टाकला, उंच, सुरक्षित. त्यानं पुढे येऊन पॉइंट संपवला. पुढचाही गेला. ८-१०. सोमवारी सकाळी अकरा वाजता माझा आठवडा संपला. त्या ट्रिपचा खर्च पावणेदोन लाख, आणि कमाई २५८ अधिक १५६, कर कापायच्या आधी ४१४ डॉलर. म्हणजे तेव्हाचे ३४ हजार रुपये.

ताई, आता वडिलांबद्दल.

आमची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. माझ्या टूरसाठी वडिलांनी २०२१ मध्ये त्यातली अर्धा एकर विकली होती. ते मला त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत आणि मीही कधी विषय काढला नाही. तेव्हापासून हरलो की मला ती अर्धा एकर दिसायची. त्या सोमवारी वडिलांचा फोन आला, "काय झालं रे?" मी म्हणालो, "पाऊस आहे, मॅच पुढे ढकललीय." मंगळवारी म्हणालो, "जिंकलो." बुधवारी म्हणालो, "उद्या आहे." का बोललो? हरलो हे सांगायला तोंडच उघडेना. बागेत तेव्हा विरळणी चालू होती. शुक्रवारी माझ्या चुलतभावानं फोनवर ड्रॉ (सामन्यांचा तक्ता) काढून वडिलांना दाखवला.

ते चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "चार दिवस मी तुझ्या मॅचच्या वेळेला मजूर सोडून घरी येतोय, देवापुढे दिवा लावतोय. तू सोमवारीच हरला होतास?"

मी खोलीच्या बाहेर जिन्यात बसून रडलो. ही गोष्ट आजवर बायकोशिवाय कुणाला सांगितलेली नाही.

ती ८-८ ची सेकंड सर्व्ह मी का मारली नाही, हे मला आज कळतं. पैसा आमच्या घरात होता तेवढाच होता, तो वाढणार नव्हता. पण त्याबद्दल बोलणं झालं असतं, एक आकडा ठरला असता, "हे गेले समज" असं वडील एकदा म्हणाले असते, तर मी तो फोरहँड मारला असता. चेंडू कदाचित बाहेर गेला असता. पण मारला असता.

म्हणून माझं स्पष्ट मत, प्लॉट विकू नका. विकायचाच असेल तर त्याला समोर बसवून, मिस्टरांच्या तोंडून, एक रक्कम सांगून. आणि रक्कम वर्षांत मोजू नका, स्पर्धांत मोजा. दोन वर्षं म्हणजे काहीच कळत नाही. वीस स्पर्धा म्हटलं की कळतं. त्यातल्या निम्म्या तरी भारतात, घरच्या जेवणाच्या टप्प्यात. वीस झाल्यावर क्रमांक बघू नका, क्वालिफाइंगच्या किती फेऱ्या जिंकल्या आणि कुणाकडून हरला ते बघा. ज्यांच्याकडून पहिल्या पाच स्पर्धांत हरला त्यांना शेवटच्या पाचांत हरवत असेल तर मुलगा पुढे चाललाय.

कोचना एक विचारा. दोन वर्षांत पाचशेच्या आत आलेला तुमचा कोणता विद्यार्थी? मी स्वतः कोच आहे, म्हणून सांगतो, हा प्रश्न विचारल्यावर रागावतो त्याच्या शब्दावर पैसे लावू नका.

दुहेरी खेळायला सांगा, दर आठवड्याला. एम-१५ ला पहिल्या फेरीत हरले तरी जोडीला १०८ डॉलर, म्हणजे प्रत्येकी ५४. पैसा किरकोळ आहे, पण एकेरीत सोमवारी हरलेल्या मुलाला बुधवारी कोर्टवर जायला कारण मिळतं, आणि सोबत एक माणूस असतो. रोहन बोपण्णा ४३ व्या वर्षी दुहेरीत जगात पहिला झाला आणि २०२४ ची ऑस्ट्रेलियन ओपन जिंकला.

आणखी एक गोष्ट, ती घरी कुणी सांगत नाही. या पातळीच्या मॅचवरही लोक सट्टा लावतात. हरल्यावर अनोळखी लोकांचे मेसेज येतात, आईबहिणीवरून, मरणाच्या धमक्यांपर्यंत. आणि कधीतरी गोड बोलणारा मेसेज येतो, एक सेट सोडलास तर इतके देतो. १५६ डॉलरच्या दुनियेत तो आकडा फार मोठा वाटतो. मुलाला आजच सांगून ठेवा, नुसतं नाही म्हणणं पुरत नाही. असा मेसेज आल्याचं टेनिसच्या भ्रष्टाचारविरोधी यंत्रणेला कळवलं नाही तर तोही गुन्हा धरतात, बंदी येऊ शकते.

आणि नियमसुद्धा पायाखालून सरकतात. २०१९ च्या सुरुवातीला १५ हजार डॉलरच्या स्पर्धांचे एटीपी पॉइंट काढून घेऊन आयटीएफची (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची) वेगळी क्रमवारी आणली होती. माझे चार पॉइंट एका सकाळी दिसेनासे झाले. ऑगस्टमध्ये तो निर्णय मागे घेतला, पण तोवर माझ्याबरोबरचे दोघं घरी जाऊन नोकरीला लागले होते. सावरतोय तर मार्च २०२० ला सगळी टूरच बंद पडली.

तरी मला पश्चात्ताप नाही. हे मी मनापासून लिहितोय. कलबुर्गीला एकदा रात्रीच्या दिव्याखाली मी मेन ड्रॉची मॅच तिसऱ्या सेटमध्ये जिंकलो. बघायला होते बॉलबॉय आणि शेजारच्या चाळीतली चार पोरं. त्या रात्री मिळालेला एक पॉइंट मला आजही पुरतो.

सिन्नरची_डावखुरी:

वरची पोस्ट दोनदा वाचली. दादा, थँक यू.

ताई, तिसरा एक रस्ता आहे, तो तुमच्या पोस्टमध्ये नाही म्हणून लिहिते. मी अमेरिकेत टेनिसच्या स्कॉलरशिपवर चार वर्षं शिकले. आपल्याकडची मोठी उदाहरणं आहेतच. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटला खेळला, ऋतुजा भोसले टेक्सस ए अँड एम ला. ऋतुजानं नंतर बोपण्णाबरोबर हांगझोच्या एशियन गेम्समध्ये मिश्र दुहेरीचं सुवर्ण आणलं. म्हणजे कॉलेजला गेलं की टेनिस संपलं, असं नाही.

खरं काय ते सांगते. मुलांना ही वाट मुलींपेक्षा अवघड. माझ्या वेळी कॉलेज-खेळांच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यात वरच्या, विभागात एका कॉलेजच्या मुलींच्या संघाला आठ पूर्ण स्कॉलरशिप द्यायची मुभा होती, मुलांच्या संघाला साडेचार, त्याही वाटून. २०२५ पासून ते नियम बदललेत, पण मुलाला पूर्ण फी माफ मिळेलच असं धरून चालू नका. दुसऱ्या विभागातली कॉलेजंही बघा, मी तिथलीच. आणि बारावीनंतर दोन वर्षं टूर खेळून मग कॉलेजला जाऊ, असं ठरवलंत तर खेळायच्या पात्रतेची वर्षं कापली जातात. म्हणून हा निर्णय आत्ताच, याच वर्षी विचारात घ्यायचा.

दादांनी तारेबद्दल लिहिलं ते वाचून मला पहिला आठवडा आठवला. कॉलेजच्या खोलीत मशीन होतं आणि भिंतीला रिळं टांगलेली. मी कोचना विचारलं, आठवड्याला किती रॅकेट करून घेऊ शकते? त्यांना प्रश्नच कळला नाही. मी सिन्नरला एक तार महिनाभर चालवायचे. त्या वर्षी माझी सर्व्हिस सुधारली असं सगळे म्हणाले. सर्व्हिस तीच होती.

हिवाळ्यात फार एकटं वाटतं, दिवस चारला मावळतो. पण संघ असतो. हरलात तरी बसमध्ये आठ जणी बरोबर असतात.

इंदिरानगरची_आई:

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. बेसलाइनच्या_मागे, तुमची पोस्ट मी काल रात्री जेवणं झाल्यावर मिस्टरांना मोठ्यानं वाचून दाखवली. मुलगा आतल्या खोलीत होता, ऐकत होता हे आम्हाला माहीत नव्हतं. दिव्याच्या भागापाशी तो बाहेर आला.

त्यानं सांगितलं की त्या स्पर्धेत त्याच्या दोन्ही रॅकेटच्या तारा एप्रिलपासूनच्या होत्या. तिथे गटिंगला सातशे रुपये मागितले म्हणून त्यानं केलं नाही. दुपारचं जेवणही दोन दिवस केलं नव्हतं, केळी खाऊन राहिला. मी वहीत सगळं लिहिते ना, म्हणाला, तुझ्या वहीत आणखी एक ओळ नको होती.

माझी वही, ताई-दादांनो. मला वाटत होतं मी जबाबदारीनं वागतेय. रात्रभर झोप नाही.

मिस्टर शेवटी बोलले. म्हणाले, प्लॉट राहू दे, पीएफमधून चार लाख काढतो, ते गेले समजायचे, संपले की आपण तिघं पुन्हा बसू. मुलगा म्हणाला, अमेरिकेचंही बघतो, पण आधी पाच स्पर्धा खेळून. डावखुरी ताई, तुम्हाला मेसेज केला तर चालेल का?

दादा, एवढंच विचारते. वही बंद करू का? आणि चार लाखांत नेमकं कशाला हात आखडायचा नाही?

सिन्नरची_डावखुरी:

कधीही करा ताई. त्याच्या मॅचचा व्हिडिओ असेल तर पाठवा, पूर्ण मॅच, निवडक फटके नकोत. कोच लोक हरलेले पॉइंटही बघतात.

बेसलाइनच्या_मागे:

ताई, वही बंद करू नका. वही त्याच्या हातात द्या. त्यानं लिहू दे, तुम्ही महिन्यातून एकदा बघा. त्यात पैशांशेजारी एक रकाना वाढवा, त्या दिवशी तार किती तासांची होती. सहा महिन्यांनी तो रकाना कोचपेक्षा जास्त सांगेल.

हात आखडायचा नाही ते जेवणाला आणि तारेला. विमानाऐवजी रेल्वे चालेल, खोलीत तिघांऐवजी चौघं चालतील, जुने बूट महिनाभर जास्त चालतील. उपाशी पोटी आणि मेलेल्या तारेनं मॅच खेळायची असेल तर तिकिटाचे पैसेही वाया गेलेत. चार लाखांतले पन्नास हजार आजच बाजूला काढून ठेवा, फक्त तार आणि गटिंगसाठी. त्याला हात लावायचा नाही.

भारतातल्या पाच स्पर्धांनी सुरुवात करा. अल्टरनेटमध्ये नाव खाली असलं तरी ठिकाण बसच्या अंतरावर असेल तर जाऊन साइन-इन करायचं, म्हणजे तिथे हजर राहून नाव नोंदवायचं. ऐन वेळी लोक येत नाहीत, माझं तसं चारदा नाव लागलंय.

आणि वडिलांना सांगा, हरल्यावर त्याचा फोन येईल तेव्हा स्कोअर विचारू नका, आधी जेवलास का विचारा. स्कोअर तो स्वतःच सांगेल.

एप्रिलची तार आता काढूनच टाकायला हवी, ती रॅकेटच्या फ्रेमलाही बरी नाही. त्याला सांगा कोणती तार आणि किती पौंडाच्या ताणावर वापरतो ते लिहून दोन्ही रॅकेट घेऊन यायला. मी संध्याकाळी सहा ते नऊ मशीनवर असतो, पत्ता मेसेजमध्ये पाठवतो. त्यानं समोर उभं राहून बघावं, दुसरी रॅकेट त्याच्याकडूनच करून घेईन. परदेशात दर रॅकेटचे हजार-बाराशे वाचतील.